वसईच्या किल्ल्यातली देवळं तोफांनी पडली, की माणसं गेल्यामुळे?

दगडफूल

मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात आहे. सलग लिहून काढतो, चुकलं तिथे हक्काने सांगा.

वसईच्या किल्ल्यात मी पहिल्यांदा गेलो तो चिमाजी आप्पांसाठी, म्हणजे हा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकणाऱ्या मराठा सेनापतीसाठी. कॉलेजात होतो. भुईदरवाजा, दर्यादरवाजा, बुरूज, आप्पांचा पुतळा, झालं. आतल्या पडक्या चर्चांकडे फोटो काढण्यापलीकडे लक्ष गेलं नाही. मागच्या जूनमध्ये मात्र अवचित सर आली आणि सेंट जोसेफच्या मनोऱ्याखाली तासभर अडकलो. मनोऱ्यातला गोल जिना जेमतेम एका माणसाच्या रुंदीचा. पायऱ्या मधोमध झिजून पन्हळीसारख्या झाल्यात आणि वरून येणारं पाणी त्या पन्हळीतून बरोबर खाली उतरत होतं. तिथून मुख्य सभागृहाकडे बघितलं. डोक्यावर छप्पर नाही, खाली गवत, आणि जिथे वेदी असायची त्या कमानीत पाऊस सरळ कोसळतोय. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, हे नेमकं कधी आणि कसं पडलं?

शाळेत ठसलेलं उत्तर एकच: १७३९ मध्ये मराठ्यांनी तोफा डागल्या, किल्ला घेतला, चर्च पडली. तारखा लावून बघितल्या तर ते पुरं पडत नाही.

२३ डिसेंबर १५३४ ला गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षं हे त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं मुख्य ठाणं होतं. सेंट जोसेफ १५४६ चं, दारावरच्या शिलालेखाप्रमाणे १६०१ मध्ये नव्याने बांधलेलं. पुढची ख्रिस्ती धर्मगुरूंच्या वेगवेगळ्या संघांची. जेझुइटांचं १५४९ चं. डॉमिनिकनांचं सेंट गोन्सालो १५८३ चं. शिवाय फ्रान्सिस्कनांचं, ऑगस्टिनियनांचं, इस्पितळाचं वेगळं. एका तटाच्या आत इतकी देवळं! (मी देऊळ म्हणतोय ते मुद्दाम. वसईचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात आणि मला तो शब्द आवडतो.)

या देवळांवर संकटं १७३९ च्या आधीही आली. मे १६१८ मध्ये असं वादळ झालं की मोठमोठ्या देवळांची छपरं उडाली. १६७४ मध्ये मस्कतचे सहाशे अरब चाचे उतरले आणि त्यांनी तटाबाहेरची सगळी देवळं लुटली. तटातली शिबंदी, म्हणजे फौज, घाबरून आतच बसून राहिली. सतराव्या शतकाच्या अखेरीस साथीने शहराचा मोठा भाग ओस पडला. तरी देवळं उभी राहिली. छप्पर उडालं की नवं चढवलं.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आमच्या घरी आजोबा दर वैशाखात कौलं चाळायचे. फुटकी काढायची, नवी घालायची, वासे ठोकून बघायचे. एक वर्ष चुकलं की कोपऱ्यात ओल. दोन वर्षं चुकली की वासा कुजतो. पाच वर्षं चुकली की छप्पर खाली येतं आणि मग चुन्याच्या भिंतीत पिंपळ रुजतो. पिंपळाला तोफ लागत नाही.

१७३९ च्या तहाने फिरंग्यांना, म्हणजे पोर्तुगीजांना, किल्ला सोडायला आठ दिवस दिले. हत्यारांसह, ढोल वाजवत, निशाणं फडकवत जायची मुभा होती. ते गेले. मुंबईत इंग्रजांकडे पावसाळा काढला आणि पुढे गोव्याची वाट धरली. कौलं चाळायला सांगणारा माणूसच उरला नाही. माझ्या मते ही देवळं त्या आठ दिवसांत मेली. पडली नंतर, सावकाश.

आता तटाबाहेर या. पापडीचं देऊळ १५७४ चं, सांडोरचं १५६६ चं. वास्तू वेळोवेळी नव्या झाल्या असतील, पण रविवारी सकाळी जाऊन बघा, बसायला जागा मिळत नाही. १६७४ मध्ये लुटली गेली ती तटाबाहेरची देवळं. टिकलीही तटाबाहेरचीच.

यावर तुम्हाला काय वाटतं?

मोडीवेडा

लेख मनापासून लिहिलाय, पण दोन गोष्टी निसटल्या.

एक, ही लढाई का झाली? गंगाजी नाईक अणजूरकर हे इथले पुढारी पेशव्यांकडे पुन्हा पुन्हा का जात होते? गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, १५६० पासून चालू होतं आणि उत्तरेच्या मुलखातल्या हिंदूंच्या सणांवर, विधींवर, देवळांवर बंधनं होती. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांचं तर फ्रान्सिस्कनांनी चर्चच केलं होतं. त्या देवळांचं छप्पर गेल्याचं दुःख मला समजतं. ती बांधताना कोणाची छपरं गेली, तेही त्याच पानावर यायला हवं.

दुसरं म्हणजे लढाईला तुम्ही एका वाक्यात उरकलंत. फेब्रुवारी ते मे १७३९ असा तीन महिन्यांचा वेढा. त्याआधी १७३७ पासून ठाणे शहर, साष्टी (आजची मुंबईची उपनगरं), मग पालघरकडचं माहीम, केळवे, तारापूर. तारापुरात सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले. वसईच्या तटाला तीन बाजूंनी पाणी आणि चिखल, त्यामुळे उत्तरेच्या जमिनीकडूनच भिडायचं. मोर्चे (खंदकांच्या आडोशाच्या जागा) पुढे सरकवत नेऊन सेबस्टियन बुरुजाखाली सुरुंग ठासले. काही सुरुंग उशिरा उडाले आणि चढाई करणारी आपलीच माणसं दगडांखाली गाडली गेली. चिमाजी आप्पांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रात या झुंजीचा तपशील आहे. ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. मराठ्यांची मेलेली आणि जखमी माणसं पाच हजारांवर सांगतात, फिरंग्यांची आठशे.

बावखल

मी वसईची. तटाबाहेरच्या, केळीच्या वाडीतल्या घरातली. माझं नाव बघून ज्यांना प्रश्न पडला असेल त्यांच्यासाठी: बावखल म्हणजे आमच्या वाड्यांतली गोड्या पाण्याची तळी. शिंपणं त्यांच्यावरच चालायचं. आता बरीच बुजवली.

दगडफूल, तुम्ही देऊळ शब्द वापरलात, बरं वाटलं. माझी आजी म्हणायची, "देवळातली घंटा झाली, चल." चर्च हा शब्द तिच्या तोंडी मी ऐकला नाही. ती लाल लुगडं नेसून मिस्साला (देवळातल्या प्रार्थनेला) जायची आणि परत येताना बावखलात पाय धुवून मगच वाडीत शिरायची.

मोडीवेडा, तुमचं म्हणणं मान्य आहे. आमच्या पूर्वजांनी कोणत्या परिस्थितीत धर्म बदलला हे आमच्या घरात कोणी लपवत नाही. पण शाळेत वसईचा धडा आला की वर्गातली मुलं वळून माझ्याकडे बघायची. जणू मी किल्ल्यातून पळून गेलेल्यांपैकी. त्या वयात उत्तर सुचलं नाही, आता देते: जे गेले ते गेले. आम्ही त्या आठ दिवसांत कुठेही गेलो नाही. पेशव्यांच्या राज्यात इथेच राहिलो, शेती केली, देऊळ सांभाळलं. तहात राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या धर्माने वागायची मोकळीक होती आणि ती बऱ्याच अंशी मिळाली. हे मराठ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच जास्त सांगायला हवं. १७६० च्या सुमारास अँकेतिल द्युपेराँ नावाचा फ्रेंच प्रवासी साष्टीतून गेला. ठाण्याला ख्रिस्ती सण गोव्याइतक्याच थाटात चाललेला त्याने बघितला, मराठी राज्यात.

दगडफूल

मोडीवेडा, दोन्ही गोष्टी मान्य. मंडपेश्वर राहायला नको होतं. मूळ लेखात जोडतो.

बावखल, वर्गातलं वाचून वाईट वाटलं. मला जे शोधूनही नीट मांडता आलं नव्हतं ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत.

चांदीबद्दल लिहायचं राहिलं. वेढा आवळत आला तेव्हा वसईच्या लोकांनी मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जॉन हॉर्न याच्याकडे मदत मागितली. त्याने सैन्य दिलं नाही. कर्ज दिलं, पंधरा हजार रुपये, आणि तेही तारणावर. तारण कशाचं? देवळांतली चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा! मिस्साचा प्याला, समया, धूपदान हे सगळं आधीच सावकाराच्या पेटीत गेलं होतं. म्हणजे मराठे आत शिरले तेव्हा वेदीवरचं बरंचसं उरलंच नव्हतं. ज्या फादरने ती भांडी मोजून दिली असतील त्याचा विचार मनातून जात नाही.

गोदाकाठ

चांदी गेली, पण घंटा राहिल्या ना! मी नाशिकचा. आमची नारोशंकराची घंटा तिकडचीच, मराठ्यांनी या मोहिमेतून आणलेली.

रामघाटाजवळ नारोशंकराचं देऊळ, सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलेलं. नदीकडच्या तटभिंतीत ही घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ साल आहे. देवळापेक्षा घंटा जुनी, यावरूनच ओळखायचं. पुराचं पाणी चढायला लागलं की नाशिकमध्ये अजून विचारतात, "घंटेला पाणी लागलं का?" लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी ते गढूळ पाणी बघितलंय. ही घंटा कोण्या फिरंगी देवळात माणसांना मिस्साला बोलवत होती, हे मला वयाच्या चाळिशीत कळलं.

रानजाई

भीमाशंकरला शनिमंदिरापाशी दोन खांबांमध्ये टांगलेली मोठी घंटा आहे ना, तिच्यावर १७२९ साल आहे. म्हणजे ओतल्यावर जेमतेम दहा वर्षांत ती तिथून निघाली. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे घाटावर आहे ती १७०७ ची. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे.

मेणवलीची मी हात लावून बघितली आहे. ओतकाम इतकं सुबक की बोट फिरवलं तर बाळाचं डोकं वेगळं लागतं. मी गेले तेव्हा कोणीतरी त्या मायलेकरांनाच हळदकुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवलं होतं. लावणाऱ्या बाईला ती मेरी आहे हे माहीत असेल-नसेल. कडेवर लेकरू घेतलेली बाई दिसली, कुंकू लावलं.

शिलेदार७४

या घंटा विजयचिन्हं आहेत आणि ती तशीच राहायला हवीत. हल्ली सगळ्या गोष्टींबद्दल हळहळ व्यक्त करायची पद्धत पडली आहे. पाच हजार माणसं मेली-जखमी झाली तेव्हा त्या घंटा हत्तीवरून घाट चढल्या. त्याचा अभिमान का वाटू नये? उद्या कोणी म्हणेल परत करा.

बावखल

शिलेदार, परत करा असं इथे कोणी म्हटलेलं नाही आणि मी म्हणणार नाही. पावणेतीनशे वर्षं भीमाशंकरच्या धुक्यात वाजलेली घंटा आता भीमाशंकरचीच. रानजाईंनी लिहिलेलं ते कुंकू आमच्या आईने मेणवलीला बघितलं, तेव्हा तिने आधी मेरीला क्रूस केला, मग तिथल्या मेणेश्वर महादेवापुढे हात जोडले आणि मला म्हणाली, "नीट सांभाळलीय हो यांनी." तिला आणखी काही नको होतं.

मला एकच हवं आहे. प्रत्येक घंटेपाशी चार ओळींची साधी पाटी. कोणत्या साली ओतली, तिच्यावर काय कोरलंय, कोणत्या लढाईनंतर इथे आली. तुमचा विजयही त्यात येईल आणि आमची ओळखही. आज निम्म्या घंटांपाशी काहीच लिहिलेलं नाही, आणि पुजाऱ्याला विचारलं तर तो इंग्रजांची म्हणून सांगतो.

शिलेदार७४

पाटीला माझा विरोध नाही. चांगली कल्पना आहे. विजय कशावर मिळवला हे लिहिल्याशिवाय विजय तरी कसा कळणार?

तळटीप

एक शंका. सगळ्या घंटा किल्ल्यातल्याच कशावरून? "वसईची घंटा" म्हणून जी ती सांगतात.

मोडीवेडा

रास्त शंका. मोहीम १७३७ ते १७३९ अशी दोन वर्षांवर चालली आणि तिचा पट्टा साष्टीपासून डहाणूच्या बाजूपर्यंत होता. या सगळ्या पट्ट्यात देवळं होती. त्यामुळे एखादी घंटा ठाण्याची असेल, एखादी कोण्या खेड्यातल्या लहान देवळाची. लोकांनी मोठ्या विजयाचं नाव सगळ्यांना दिलं. "वसई मोहिमेतली घंटा" म्हटलं तर चूक होणार नाही. पाटी लावलीच तर हा शब्द वापरा.

दगडफूल

नोंद केली, "वसई मोहिमेतली".

किल्ल्यातल्या देवळांचं पुढे काय झालं हे कोणीतरी व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) विचारलंय, म्हणून थोडक्यात. मराठ्यांच्या काळात आत नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं देऊळ झालं, वस्ती राहिली. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने वेढा घालून किल्ला घेतला, म्हणजे त्याच भिंतींवर पुन्हा तोफा. पुढे इंग्रज-मराठ्यांच्या सालबाईच्या तहाने वसई परत मराठ्यांकडे आली. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला तो इथलाच. १८१८ मध्ये पेशवाई संपली, त्यानंतर किल्ल्याला लष्करी किंमत उरली नाही. मग ताडाची झाडं, गुरं, आणि ज्याला दगड हवा त्याने दगड नेला. आता पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, पण ते मिळालं तोवर छपरं कधीच गेली होती.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो फ्रान्सिस्कनांच्या देवळात. तिथे जमिनीत थडग्यांच्या फरशा आहेत, पोर्तुगीज अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं कोरलेल्या. छप्पर होतं तेव्हा त्या आतल्या फरशा होत्या. लोक त्यांच्यावर गुडघे टेकायचे. आता पाऊस थेट त्यांच्यावर पडतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका फरशीवरची ओळ बोटाने वाचता यायची. मागच्या जूनमध्ये तीच फरशी शोधली. अर्धी ओळ शेवाळाखाली होती आणि उरलेल्या अर्धीवर कोणी खिळ्याने बदाम आणि दोन अक्षरं कोरली होती. शूटिंगवाले येतात, लग्नाआधीचे फोटो काढणारे येतात. फरशीवर कॅमेऱ्याची तिवई ठेवायची नसते, एवढंही सांगायला तिथे कोणी नसतं.

नवखा_वाचक

किल्ल्यातल्या एकाही चर्चमध्ये आता काहीच होत नाही का? पूर्ण ओसाड?

बावखल

अगदी ओसाड नाही. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे. भारतात जन्मलेले पहिले संत. जेझुइटांच्या शाळेत शिकले, जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रूसावर मारले गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. फेब्रुवारीत त्यांच्या सणाला जेझुइटांच्या देवळात माणसं जमतात. लहानपणी आम्ही सगळी वाडी मिळून चालत जायचो. बायकांच्या डोक्यावर फुलांच्या पाट्या, पोरांच्या खिशात सुकेळी. (सुकेळी म्हणजे वाळवलेली केळी, वसईचीच.) मिस्सा संपली की मोठी माणसं घाईने निघायची आणि आम्ही पोरं भिंतीतल्या पिंपळाची पानं तोडायला मागे राहायचो.

पहिल्या लेखातल्या प्रश्नाला माझं उत्तर: माणसं गेल्यामुळे. आणि तो धोका आता तटाबाहेर आलाय. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, देवळं मोठी झाली, रंगली, हे खरं. पण वाड्या विकल्या जातायत, बावखलं बुजून इमारती उठतायत, पोरं कॅनडाला नाहीतर आखातात. आमच्या आळीत सहा घरं होती, आता दोन उघडी असतात. आमची बोली माझ्या मुलाला समजते, बोलता येत नाही. देवळाचं छप्पर आज काँक्रीटचं आहे, कौलं चाळायला लागत नाहीत. तरी मला भीती वाटते.

मोडीवेडा

बावखल, हे वाचून थोडा वेळ काहीच लिहावंसं वाटलं नाही. पुढच्या वेळी वसईला आलो की किल्ल्यातून सरळ परत जाणार नाही. तुमच्या बाजूला येईन.

बावखल

जरूर या. डिसेंबरात या, केळी असतील.

रानजाई

रविवारी नसरापूरजवळच्या बनेश्वरला गेले होते. तिथली घंटा नीट बघून आले. साल १६८३, शंका नको. म्हणजे आतापर्यंत या धाग्यावर आलेल्यांत ही सगळ्यात जुनी. देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं.

मी साल वहीत उतरवून घेत होते तेव्हा एक शाळकरी मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. विचारलं, "ताई, काय लिहिताय?" त्याला आकडे दाखवले. त्याने ते मोठ्याने वाचले, मग बोटांवर हिशेब केला आणि धावत जाऊन आजीला हाताला धरून घेऊन आला. मी निघाले तोवर घंटेखाली सात-आठ माणसं मान वर करून उभी होती आणि तो मुलगा एकेकाला साल दाखवत होता.

दगडफूल

रानजाई, वहीतलं ते पान इथे चिकटवाल का? नाशिक, भीमाशंकर, मेणवली, बनेश्वर, चार झाल्या. पाटीचा मजकूर मी उद्या मांडतो. बावखल आणि शिलेदार, तुम्ही दोघांनी तपासून द्या.